पहिल्यांदाच ट्राउटसाठी (हा थंड पाण्यातला मासा) फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून मासेमारी, करायचं आहे. गाइड घ्यावा का, आणि कुठे जावं?

गाइड घ्या. निदान पहिले दोन दिवस तरी घ्याच, आणि हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जा. तुम्ही लिहिलंय की यूट्यूब बघून पुण्यातल्या मैदानावर कास्टिंगचा, म्हणजे दोरी फेकण्याचा, सराव केलाय, मे महिन्यात दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय, बजेट बेताचं आहे, आणि गाइडचे पैसे वाचवून त्यात चांगला रॉड घ्यावा असा विचार चाललाय. मी याच्या उलट करायला सांगेन. रॉड गाइडकडचाच वापरा आणि ते पैसे त्याला द्या.

आपल्याकडे गळ टाकणारा माणूस डोह बघतो, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतो आणि मासा ओढेपर्यंत बसून राहतो. ट्राउटच्या नदीत हे चालत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तोलून उभा असतो आणि पाणी जे वाहून आणेल त्यातलं निवडून खातो. दिवसभर जोराच्या धारेत पोहत राहिला तर खाल्लेलं सगळं पोहण्यातच जाईल. म्हणून तो अशी जागा धरतो जिथे धोंड्याच्या आडोशाला पाणी मंद आहे, पण वेगाची धार अगदी शेजारून जाते. मंदात उभं राहायचं, धारेतून घास उचलायचा आणि परत जागेवर यायचं. तीर्थन म्हणजे धोंड्यांमधून उड्या मारत येणारी नदी. नवख्याला तिथे सगळीकडे नुसता फेसच दिसतो. तिथलाच माणूस शेजारी उभा राहून बोट दाखवतो, ‘वो काले पत्थर के बाएँ, जहाँ झाग मुड़ रहा है’, तेव्हा त्या फेसात जागा दिसायला लागतात. एकदा दिसल्या की पुढे कुठल्याही नदीवर दिसतात. हे शिकायला मला तरी दुसरा मार्ग सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट माशी वाहू देण्याची. फ्लाय फिशिंगमध्ये फेकली जाते ती वजनदार दोरी. पिसांची-दोऱ्याची ती कृत्रिम माशी तिच्यामागून नुसती जाते. इथपर्यंतचं मैदानावर जमतं. पण पाण्यात दोरी तीन-चार वेगवेगळ्या वेगाच्या धारांवर आडवी पडते. मधली धार तिला पुढे खेचते, दोरीमागून माशी फरफटते, आणि खरा किडा असा कधीच वाहत नाही हे ट्राउटला पक्कं ठाऊक असतं. म्हणून रॉड उंच धरून शक्य तेवढी दोरी पाण्याबाहेर ठेवायची, उरलेली हलकेच वरच्या अंगाला उलटून टाकायची. मैदान वाहत नाही, त्यामुळे हा भाग तिथे शिकताच येत नाही. लांब फेकण्याची तर गरजच नसते. तीर्थनवर बहुतेक मासे पाच-दहा मीटरच्या आत असतात. खालच्या अंगाने, वाकून, त्यांच्या पाठीमागून जवळ जायचं. मागे झाडं असतील तिथे रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न उडवता पुढेच गुंडाळत फेकणं, लागतो, तो मात्र घरून घोटून जा.

गाइड चांगला की नाही हे कसं ओळखायचं? फोनवरच विचारा, ‘स्पूनने मासे पकडून देणार की फ्लायने?’ स्पून म्हणजे चकाकणारा पत्रा. खोऱ्यात त्याने मासे धरणारे पुष्कळ आहेत आणि त्यात काही वाईट नाही, पण तुम्हाला ते शिकायचं नाहीये. चांगला गाइड नदीवर आल्या आल्या आधी पाण्यातला दगड उचलून उलटा करतो. त्याच्या पोटाला मेफ्लाय या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, बारीक खडे जोडून केलेल्या नळीत कॅडिस या दुसऱ्या किड्याची अळी असते. ते बघून तो माशी निवडतो. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, त्यामुळे सुरुवात निंफनेच, म्हणजे अशा पिल्लासारख्या दिसणाऱ्या, पाण्याखाली बुडणाऱ्या माशीनेच कराल. संध्याकाळी किडे पृष्ठभागावर यायला लागले की तरंगती माशी लावायची, आणि मासा वर येऊन ती घेतो ते डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी तरी जाच.

जायचं असं: चंडीगड-मनाली रस्त्यावर औटचा बोगदा लागतो, त्याच्या अलीकडेच लारजीवरून बंजारला जाणारा रस्ता फुटतो. बंजारपुढे नागिनी, मग गुशैणी. तिथे फलाचन नदी येऊन तीर्थनला मिळते. त्याच्याही वर पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क लागतं, तिथे गळ टाकायचा नाही. लायसन्स मत्स्यव्यवसाय खात्याचं असतं, ते गेस्टहाउसवाले काढून देतात. पण ते हातात पडल्याशिवाय पाण्यात दोरी टाकू नका.

1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट वाळू-खड्यांत अंडी घालतो. तुम्ही मे म्हणताय. त्या सुमारास बर्फाचं पाणी उतरून नदी फुगू लागते. मार्च-एप्रिल जमवा, नाहीतर पावसाळा संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. मला स्वतःला ऑक्टोबर आवडतो, पाणी काचेसारखं असतं.

हा मासा मुळात इथला नाही. 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून तो काश्मिरात रुजवला आणि पुढच्या दशकात तिथून कुल्लूत आणला. आता तो नदीतच वाढतो, नदीतच वितो. पण इथल्या स्नो ट्राउटच्या, म्हणजे कार्पच्या कुळातल्या देशी माशाच्या, अन्नावर आणि जागेवर त्याचा ताण पडतो, म्हणून चुकून देशी मासा लागला तर तो आधी सोडा. तीर्थन वाहती राहिली यामागेही माणसं आहेत. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी तिच्यावरच्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध कोर्टापर्यंत लढा दिला. ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. 20 अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो. बोगद्यात वळवलेल्या, रोडावलेल्या नदीत तो कुठून टिकणार?

मासा सोडायचा तर टोकाला उलटा काटा नसलेला गळ हवा, हात ओले हवेत, आणि मासा पाण्याबाहेर एका फोटोपुरताच. मग प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः निसटेपर्यंत हलका धरायचा.

दहा वर्षांच्या मुलाला जरूर न्या. टोपी आणि चष्मा सक्तीचा, कारण गळ कानाजवळून जातो. पाण्यात मात्र उतरवू नका, काठावरच्या धोंड्यावरूनही त्याला मासा मिळेल. वर पाऊस झाला की नदी बघता बघता चढते, तेव्हा गाइड ‘चलो’ म्हणाला की ‘अजून एकदाच’ म्हणायचं नाही. आणि येता-जाता लारजी धरणाखाली बियासच्या पात्रात फोटोसाठी उतरू नका. 2014 मध्ये धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात तिथे हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले.