उत्पादकतेचा आकडा वाचण्याआधी
पाणी कंपन्यांच्या उत्पादकतेवर काम सुरू करतो आहेस, तर एक सवय लाव: वाढ कुठून आली ते वेगळं काढ. मागे पडलेली कंपनी पुढच्यांना गाठते ती एक वाढ. सगळ्यांत पुढची आणखी पुढे सरकते ती दुसरी. पहिली कधीतरी संपते. आकारमानाचा फायदा, म्हणजे कंपनी मोठी झाल्याने प्रति एकक खर्च कमी होणं, हा तिसरा, पण विलीनीकरणाने तो मिळतोच असं मानू नकोस.

इंग्लंड-वेल्सचं उदाहरण नीट बघ. १९८९ मध्ये खासगीकरण झालं, १९९४ पासून ऑफवॅट ही नियामक संस्था दर ५ वर्षांनी दरांची कमाल मर्यादा ठरवते. वाचवलेला खर्च काही काळ कंपनीकडेच राहतो, म्हणून ती काटकसर करते. पण त्याच काळात पाण्याचा आणि सांडपाण्याचा दर्जा सुधारायला प्रचंड भांडवल ओतलं गेलं. दर्जा हिशेबात धरला नाहीस तर तो खर्च वाया गेल्यासारखा दिसेल. माझ्या मते नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती पाहून मला खरंच वाईट वाटतं.

नियामकाने चालू (रोजचा, दुरुस्तीचा) आणि भांडवली (नव्या बांधकामाचा) खर्च वेगवेगळे तपासले, की कंपन्या दुरुस्तीपेक्षा नव्या बांधकामाकडे झुकतात. म्हणूनच २०१४ च्या दरांच्या आढाव्यात ऑफवॅटने दोन्ही एकत्र धरले. तूही तसंच धर.