वाचकांचे प्रश्न : जखमी फौज, हरिपूरचं पेव आणि फुकटचे टर्न

प्रश्न : आम्ही मित्र मिळून गोडोटमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टर्नवर चालणारा जादूई युद्धाचा गेम करतोय. फौज दर टर्नला दहा टक्के बरी होते. खेळणारे लढाई संपली की ‘टर्न संपवा’ दाबत बसतात आणि फौज ठणठणीत झाल्यावरच हलतात. दर चार टक्के केला, तर लहान युनिट, म्हणजे कमी हेल्थचे गडी, बरे होतच नाहीत. – विश्रामबाग, सांगली

दोन वेगळे घोळ आहेत. लहान युनिटचा आधी निपटू. २० हेल्थच्या युनिटचे चार टक्के म्हणजे ०.८. गोडोटमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळतो, हाती शून्य येतं. २४ हेल्थपर्यंत हेच होणार, २५ पासून १ मिळणार. तुम्ही ४ भागिले १०० आधी करून मग गुणत असाल, तर मोठ्या युनिटलाही शून्यच मिळेल. म्हणून गुणाकार आधी, भागाकार नंतर. त्यापेक्षा बरं म्हणजे हेल्थ आतून दहापट ठेवा : २० च्या जागी २००, आणि पडद्यावर दाखवताना दहाने भागा. ‘कमीत कमी १’ असा नियम घातला तर दहा हेल्थचा प्यादा मोठ्या राक्षसाच्या अडीचपट वेगाने बरा होतो. तसं मुद्दाम हवं असेल तर ठेवा.

आता बटण दाबण्याचं. दर कमी केल्याने रोग जात नाही. पूर्वी दहा वेळा दाबायचे, आता पंचवीस वेळा दाबतील. थांबण्याला किंमत नाही, हे मूळ दुखणं. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा फुकट मिळणारा गेम यासाठी उघडून बघाच. त्यात जागेवर स्वस्थ बसलेल्या युनिटला टर्नला फक्त २ हेल्थ मिळते. गावात उभं राहिलं तर ८, पण एका गावात एकच युनिट मावतं. शेजारी वैद्य असेल तर त्याच्या पायरीप्रमाणे ४ किंवा ८. गाव आणि वैद्य यांची बेरीज होत नाही, मोठा आकडा धरला जातो. विश्रांतीचे २ मात्र वर मिळतात. विष टर्नला ८ खातं. विषबाधा झालेलं युनिट गावात आलं, तर त्या टर्नला नुसतं विष उतरतं, हेल्थ मिळत नाही. विषाने कुणी मरत नाही, हेल्थ १ वर येऊन थांबते. म्हणजे विषाचं खरं काम शत्रूचे टर्न खाण्याचं.

तिथे थांबणं महाग का पडतं? बहुतेक मोहिमांना टर्नची मर्यादा असते, आणि गावांना पेलवत नाही तेवढ्या फौजेचा पगार दर टर्नला सोन्यातून जातो. लवकर जिंकलं तर उरलेल्या टर्नचं जादा सोनं मिळतं.

तुमच्या गेममध्ये हा हिशेब करून बघा. समजा सहा युनिट, प्रत्येकाचा पगार टर्नला २ सोनं, सगळी अर्ध्या हेल्थवर. दहा टक्क्यांनी पाच टर्न लागतील, म्हणजे ६० सोनं. नवं युनिट २० ला मिळत असेल तर थांबण्याची किंमत तीन युनिट, अर्धी फौज! इथे खेळणारा डोकं खाजवतो. पगारच नसेल तर तो थांबणारच, त्याला दोष देऊ नका. शिवाय दर जागेनुसार बदला : आपल्या शहरात २० टक्के, आपल्या हद्दीत १०, मोकळ्या रानात ५, शत्रूच्या हद्दीत शून्य. आणि हललेल्या युनिटला काही नाही.

लेव्हल वाढताच पूर्ण बरं करायचं, हा वेस्नॉथचा नियम उचललात तर एक ध्यानात ठेवा : लोक मरायला टेकलेल्या युनिटला मुद्दाम शेवटचा घाव घालू देतात. आम्हाला ती गंमत वाटते, काहींना पळवाट वाटते.

प्रश्न : पटावरच्या एका घरात ४० भालेकरी, अशी ढिगाची फौज असेल तर बरं करायचं कसं? – कराड

बहुतेक वेळा करूच नका. १९९९ च्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ मध्ये लढाईनंतर ढिगातला जखमी गडी आपोआप पूर्ण बरा होतो, मेलेले जातात. दहा हेल्थचे ४० भालेकरी आणि ९५ चा मार : नऊ मेले, दहावा ५ वर. लढाई संपली की ३१ ठणठणीत. नुकसान डोक्यांत मोजलं जातं, आणि भरपाई दर आठवड्याला होणाऱ्या नव्या भरतीतून. डोकी घटली की ढिगाचा मारही घटतो, त्यामुळे हरणारा आणखी हरत जातो. वेस्नॉथसारख्या एकांड्या युनिटच्या गेममध्ये १ हेल्थवालाही पूर्ण ताकदीने मारतो. हे दोन्ही प्रकार एकाच गेममध्ये मिसळू नका.

प्रश्न : शोधमोहिमेसाठी तीस घटना लिहिल्या, तरी ‘त्याच त्याच येतात’ अशी तक्रार. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून (जमिनीत खणलेल्या साठवणीच्या खड्ड्यांवरून) एक घटना केली : पेव सापडतं, पन्नास टक्के ४० सोनं, पन्नास टक्के युनिट मेलं. लोक चिडतात. – सांगलीवाडी

तीस घटनांतून दर वेळी नव्याने चिठ्ठी काढली, तर पहिल्या सात चिठ्ठ्यांतच एखादी पुन्हा येण्याची शक्यता ५३ टक्के असते. पत्त्यांसारखा गठ्ठा पिसा, आलेली बाजूला ठेवा. गठ्ठा संपला की पुन्हा पिसा, पण शेवटच्या पाच घटना तळाशी सारा, नाहीतर संपता-सुरू होताना तीच लागोपाठ येईल.

पेवाची कल्पना झकास आहे, ती नाणेफेकीत वाया घालवू नका. खऱ्या पेवात धोका कसला असतो? बंद खड्ड्यातली हवा कोंदते, उघडल्या उघडल्या उतरणारा गुदमरतो. म्हणून पेव आधी उघडं ठेवतात. हेच खेळात आणा. झाकण काढलं, दोरीला बांधून दिवा खाली सोडला, तो विझला. ही खूण कायम खरी ठेवा. एकदा खोटी ठरली की पुढची कुठलीच ओळ कुणी वाचणार नाही. मग पर्याय द्या. लगेच उतरा : ४० सोनं, पण उतरणाऱ्याची हेल्थ अर्धी. दोन टर्न उघडं ठेवा : ४० सोनं, इजा नाही. फौजेत वाऱ्याची जादू येणारा असेल तर तिसरी ओळ दिसू द्या : आत्ताच, बिनइजा.

किंमत ताडून बघा. अख्खी फौज दोन टर्न थांबवली तर पगार २४ सोनं. एकालाच पहाऱ्याला ठेवलं तर ४, पण फौज फुटली. लगेच उतरलं तर एक जखमी, त्याचे पाच टर्न म्हणजे १० सोनं. अख्खी फौज थांबवण्यापेक्षा कागदावर उतरणं स्वस्त, पण शत्रू दोन घरांवर असेल तर अर्ध्या हेल्थचा गडी परवडत नाही. उत्तर परिस्थितीनुसार फिरलं की घटना जमली. युनिट मारू मात्र नका. लढाईबाहेर मेलेलं युनिट लोकांच्या मनातून जात नाही.

प्रश्न : घटना बिघडली की खेळणारे जुना सेव्ह लोड करतात. – सातारा

घटनांसाठी लढाईपासून वेगळा यादृच्छिक आकड्यांचा जनक ठेवा, नाहीतर एक हल्ला जास्त केला की पुढची घटना बदलते. गोडोटमध्ये त्याचा ‘सीड’ (सुरुवातीचा आकडा) नव्हे, ‘स्टेट’ (मालिका आत्ता कुठे पोचली ते) सेव्ह करा, म्हणजे जुना सेव्ह लोड केला तरी तीच घटना येईल. नुसता सीड परत घातला तर मालिका पहिल्यापासून सुरू होते. आणि स्टेट हा ६४ बिटांचा आकडा जेसनमध्ये (माहिती मजकूररूपात साठवायच्या फाइलमध्ये) आकडा म्हणून लिहू नका. परत वाचताना तो दशांश आकडा होतो, शेवटचे अंक बिघडतात. मजकूर म्हणून लिहा, वाचताना पूर्णांक करून घ्या.