कर्ज लेकीच्या शिक्षणाचं, हप्ता भलत्याच पॉलिसीचा

पत्र लातूरहून आलंय. लिहिणारे ४७ वर्षांचे, कृषी सेवा केंद्र चालवतात, वर्षाचं उत्पन्न साधारण ७ लाख. लेकीला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला पावणेसहा लाख, म्हणजे चार वर्षांचे २३ लाख. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात जागा लागली आहे, पण ती तिच्या मनात बसत नाही. पुण्याच्या त्या विद्यापीठात शिकणाऱ्या पाच मुलामुलींशी ती बोलली. ‘इथे एक्स्पोजर मिळतं’, ‘इंटर्नशिपसाठी कंपन्या शहरातच आहेत’, ‘पुन्हा निवडायचं झालं तरी इथेच येईन’ असं चौघांनी सांगितलं. पाचवी म्हणाली, वर्गात गर्दी फार आहे. वडिलांचा प्रश्न एवढाच : या मतांवर विसंबून २० लाखांचं कर्ज काढावं का?

दादा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. पण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तुम्ही जे सहज लिहून गेलात, ते आधी. ‘कर्जाचं टेन्शन नाही, बँकेतल्या साहेबांनी गॅरंटीड इन्कमची पॉलिसी करून दिली आहे, वर्षाला २ लाख, १२ वर्षं. त्यातून पुढे कर्ज फिटेल. कर्जही लवकर मंजूर होईल म्हणाले. बारा दिवसांपूर्वी पॉलिसी हातात आली.’

बारा दिवस झालेत, म्हणजे अजून वेळ आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, यालाच फ्री-लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. हे वाचून होताच अर्ज लिहा.

का, ते आकड्यांत पाहू. तुम्ही दरवर्षी २ लाख भरायचे आणि तेराव्या वर्षाच्या शेवटापासून १२ वर्षं कंपनी ४ लाख देणार. ऐकायला दामदुप्पट. पण प्रत्येक हप्ता दुप्पट व्हायला १३ वर्षं लागतात. ७२ ला दुपटीच्या वर्षांनी भागलं की वार्षिक परतावा अंदाजे कळतो. ७२ ला १३ ने भागा, साडेपाच टक्के येतो. कर्ज तुम्ही काढताय साडेदहा टक्क्यांनी. साडेदहाने उसने घ्यायचे आणि साडेपाचने गुंतवायचे, याला कर्जफेडीची योजना म्हणून विकणाऱ्याचा मला खरोखर संताप येतो.

तारखाही जुळत नाहीत. दरवर्षी ५ लाख उचलले, तर चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि हप्ता सुरू होण्याआधीचं सवलतीचं एक वर्ष संपेपर्यंत साधं व्याजच सव्वासात लाखांच्या पुढे जातं. २० लाखांचे सुमारे २७ लाख होतात. दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याला ३७ हजार, वर्षाला ४.४ लाख. हा हप्ता पाचव्या वर्षानंतर सुरू होतो आणि पंधराव्या वर्षी संपतो. पॉलिसीचा पहिला पैसा तेरा वर्षांनी येणार, तोवर कर्जाची आठ वर्षं तुम्ही खिशातून फेडलेली असतील. मधली सात वर्षं तर दोन्ही हप्ते एकत्र : ४.४ आणि २, म्हणजे ६.४ लाख. उत्पन्न ७ लाख. घर कशावर चालणार? लेकीचा पगार येईल हे मलाही मान्य आहे, पण तिची पहिली काही वर्षं या दोन हप्त्यांखाली गाडायची नाहीत.

‘कर वाचेल’ असंही तुम्हाला सांगितलंय. नव्या करप्रणालीत ७ लाखांच्या उत्पन्नावर तुम्हाला करच बसत नाही. आणि शैक्षणिक कर्जासाठी अशी पॉलिसी घ्यावीच लागते असं बँक म्हणू शकत नाही. अर्ज शाखेत द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, तोच अर्ज विमा कंपनीला ईमेलही करा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. ‘साहेब ओळखीचे आहेत, वाईट वाटेल’ असं तुम्ही लिहिलंय. वाटू द्या. तुम्हाला विमा हवाच आहे, कारण घरात कमावणारे एकटे तुम्ही. पण त्यासाठी साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत न जोडलेला निव्वळ आयुर्विमा घ्या. या २ लाखांच्या लहानशा हिश्श्यात या पॉलिसीपेक्षा कितीतरी मोठं संरक्षण मिळेल.

आता मुलांच्या मतांविषयी. ती खोटी नाहीत. मोठ्या शहरात राहून मुलं मोकळी होतात, बोलायला शिकतात, कंपन्यांच्या दारात पोचतात, हे मी जवळून पाहिलंय. पण पाचही जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांच्यापैकी कुणी अजून कर्जाचा एकही हप्ता भरलेला नाही. लेकीला सांगा, शेवटच्या वर्षाच्या आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांना गाठ. सर्वांत मोठं पॅकेज विचारू नकोस. शाखेतल्या शंभर जणांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर पन्नासाव्याला किती मिळाले, ते विचार. आणि फी दरवर्षी किती वाढली, तेही.

त्या मतांत मला आणखी एक दिसलं. एक्स्पोजर, इंटर्नशिप, कंपन्या हे सगळं पुण्याचं कौतुक आहे. ते त्या विद्यापीठाच्या फाटकाआत कोंडलेलं नाही. तुम्ही ओबीसी आहात, उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून अशा घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. विनाअनुदानित कॉलेजंही यात येतात, मात्र खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे त्या प्रवेशावर सही केलीत की ही माफी गेली. याचा पत्रात उल्लेख नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी सांगितलंच नसावं.

पुढच्या फेरीत पसंतिक्रम भरताना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं वर घ्या. हातची जागा केव्हा सुटते, तो नियम आधी नीट वाचा. पुण्यात जागा मिळाली तर तेच शहर, त्याच कंपन्या, आणि खर्च मुख्यतः राहण्या-जेवणाचा. वर्षाला दोन लाख धरले तरी चार वर्षांचे आठ. तुमची १२ लाखांची एफडी त्यासाठी पुरते, कर्ज लागत नाही. दुकानाचा गाळा तारण ठेवायची वेळही येत नाही, आणि त्या गाळ्यावरच तर घर चालतं.

पुण्यात जागा नाहीच मिळाली, तर संभाजीनगर घ्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इंटर्नशिपसाठी पुण्यात पाठवा. तरीही तिचा जीव त्याच विद्यापीठात असेल, तर ते पीएम विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर तारण-जामिनाशिवाय कर्ज मिळू शकतं आणि शिक्षणाच्या काळात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतही. त्या परिस्थितीत पहिल्या दोन वर्षांचा खर्च एफडीतून करा, कर्ज १२ लाखांच्या आत ठेवा. २० लाखांना माझा स्पष्ट नकार आहे.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र या आठवड्यात तयार ठेवा. आणि पॉलिसी परत करायचा अर्ज उद्या बँक उघडताच द्या.