अनुदान कुणाच्या हातात पडतं?

प्रिय,

तुझा प्रस्ताव वाचून काढला. नुनावुत या कॅनडाच्या उत्तर टोकाच्या प्रदेशातल्या दुकानांचे भाव आणि कॅनडा सरकारचं अनुदान यांचा ताळेबंद मांडायचा, हा विषय तू आपणहून निवडलास याचं कौतुक वाटलं. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, ‘अनुदान दुप्पट केल्यास पौष्टिक अन्न सर्वांच्या आवाक्यात येईल.’ तिथे मी अडलो. ते वाक्य तसंच राहिलं तर तुझं पुढचं सगळं काम ते सिद्ध करण्यात जाईल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

भाव चढे का असतात, हे तू एका परिच्छेदात उरकलंयस. ‘दुर्गम भाग’ एवढं म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. नुनावुतमध्ये २५ वस्त्या. दक्षिणेकडून एकीलाही रस्ता नाही, आणि या वस्तीतून त्या वस्तीत जायलाही नाही. उन्हाळ्यात समुद्राचा बर्फ फुटला की जहाजं येतात. पीठ, तांदूळ, डबाबंद माल तेव्हा भरून ठेवायचा. दूध, पालेभाजी, फळं मात्र वर्षभर विमानानंच. आता पालकाची एक पेटी धर. मधल्या विमानतळावर वादळामुळे ती दोन दिवस अडकली, गावात पोचेपर्यंत निम्मी काळी पडली. फेकलेल्या निम्म्या पेटीची किंमत उरलेल्या जुड्यांवर चढते. त्यात दुकानाचे फ्रीझर डिझेलच्या विजेवर चालतात, कारण तिथे प्रत्येक वस्तीची वीज स्वतंत्र, आणि सगळी डिझेलची. तेव्हा प्रत्येक चढ्या भावामागे दुकानदाराची लूट आहे असं गृहीत धरू नकोस. लूट नसतेच असंही नाही. पण ती कुठे सुरू होते हे शोधणं हेच तुझं काम आहे.

आता अनुदान. ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही योजना २०११च्या एप्रिलपासून सुरू आहे. त्याआधी ‘फूड मेल’ होती. तिच्यात सरकार टपाल खात्यामार्फत वाहतुकीचा भार उचलायचं. नव्या योजनेत किलोमागे ठरलेली रक्कम थेट नोंदणीकृत दुकानदाराला आणि पुरवठादाराला मिळते, आणि त्यांनी ती भावातून गिऱ्हाइकाला द्यावी अशी अपेक्षा असते. अपेक्षा! कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ साली हेच बोट ठेवलं: दुकानं पूर्ण अनुदान लोकांपर्यंत पोचवतात की नाही, हे खात्यानं पडताळलेलंच नव्हतं. पुढे गॅलोवे आणि ली या दोन संशोधकांनी भावांची आकडेवारी तपासली. निष्कर्ष असा की, एक डॉलर अनुदानामागे भाव सरासरी ६७ सेंटनी उतरतो. स्पर्धक दुकान असेल तिथे जास्त, एकच दुकान असेल तिथे कमी. म्हणजे ज्या गावाला दुसरा पर्यायच नाही, त्याच्याच पदरात कमी पडतं. ही दोघांची मांडणी तू संदर्भात घेतलीयस, पण तिचा तुझ्या निष्कर्षावर काहीच परिणाम झालेला दिसत नाही. अनुदान दुप्पट केलंस तर गळतीही दुप्पट होईल, हे साधं गणित आहे.

म्हणून ‘किती’ विचारण्याआधी ‘कुणाच्या हातात’ हे विचार. दुकानदाराचा हात हा एक झाला. आणखी दोन आहेत.

दुसरा हात शिकाऱ्याचा, आणि तो तुझ्या प्रस्तावात अजिबात नाही. सील हा समुद्री प्राणी, कॅरिबू हे हरीण, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा हे इनुइटांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, रोजचं अन्न आहे. त्याकडे सांस्कृतिक वारसा म्हणून बघून पुढे जाऊ नकोस. सीलच्या मांसात लोह भरपूर. नारव्हाल या देवमाशाची कातडी आणि तिच्याखालची चरबी कच्ची खातात, तिच्यातून क जीवनसत्त्व मिळतं. जिथे लिंबू उगवत नाही तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तसंच निभावलंय. मग हे अन्न महाग कसं झालं? पूर्वी शिकार करणारा माणूस कुत्र्यांच्या गाडीवरून जायचा आणि कुत्री सीलचंच मांस खायची. शिकारीचा खर्च शिकारीतूनच निघायचा. १९५०–६०च्या दशकांत माणसं वस्त्यांमध्ये आणून बसवली गेली, कुत्री मारली गेली. नुनावुतमधल्या बॅफिन बेटाच्या भागातल्या या सगळ्याची चौकशी किकिक्तानी सत्यशोधन आयोगानं केली आणि २०१९ साली सरकारनं त्याबद्दल माफी मागितली. कुत्र्यांच्या जागी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटार, आली. तिला पेट्रोल लागतं, सुटे भाग लागतात, आणि पेट्रोलला रोख पैसा लागतो. तो पैसा सीलची कातडी विकून यायचा. मग युरोपानं १९८३ साली सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारतच नव्हते. तरी बाजार सगळ्याच कातड्यांचा बसला. युरोपाच्याच २००९च्या बंदीत इनुइटांसाठी सवलत ठेवली होती, पण कागदावरच्या सवलतीनं गिऱ्हाईक परत येत नाही. प्राणिप्रेमी मंडळींचा हेतू चांगला असेलही. मला मात्र हा प्रकार अजून पचत नाही. समुद्रात सील आहे, शिकार करणारा हात आहे, आणि टाकीत पेट्रोल नाही म्हणून घरात नूडल्स. अशा घराला पालक स्वस्त करून देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सरकारच्याही हे थोडंफार लक्षात आलंय. २०२०पासून त्याच योजनेत शिकार आणि मासेमारीसाठी वेगळं अनुदान सुरू झालं. ते कसं वाटायचं हे तिथल्या संस्था ठरवतात. तुझ्या तक्त्यात त्याच्यासाठी एक रकाना हवाच: तेवढ्याच डॉलरमध्ये दुकानातून किती प्रथिनं येतात आणि शिकारीतून किती.

तिसरा हात घराचा. मुलांसाठीच्या एका केंद्रीय कार्यक्रमातून नुनावुतमधल्या बऱ्याच वस्त्यांत दर मुलामागे महिन्याला ५०० डॉलरची अन्नकुपनं मिळत होती. मार्च २०२५अखेर ती थांबली. कुपनं चालू असतानाची आणि बंद झाल्यानंतरची खरेदी तुला शेजारीशेजारी ठेवता आली, तर तुझा अभ्यास नुसत्या भावांच्या यादीपेक्षा कितीतरी पुढे जाईल.

तू विचारलंयस की सोबत पोषणशिक्षणाचे वर्ग सुचवावेत का. ऑस्ट्रेलियाकडे एकदा बघ. तिथल्या उत्तर भागातल्या २० दुर्गम आदिवासी वस्त्यांच्या दुकानांत फळं, भाज्या, पाणी यांवर २० टक्के सूट देऊन पाहिली. नुसत्या सवलतीनं फळं-भाज्यांची खरेदी १२.७ टक्के वाढली. लोकांना चांगलं-वाईट कळत नाही, हा शहरी समज तेवढ्यावरच पोकळ ठरतो. आणखी एक. तिथे आर्नहेम लँडमधली एएलपीए ही आदिवासींच्याच मालकीची संस्था १९७२पासून दुकानं चालवते. गोड पेयं आणि गोळ्या-बिस्किटांची जाहिरात व मांडणी कमी करण्याचा प्रयोग तिच्या दुकानांत झाला. साखरेची विक्री घटली आणि धंद्याचं नुकसान झालं नाही. दुकान आपलं असलं की दर्शनी फळीवर काय मांडायचं हे आपण ठरवतो. नुनावुतमध्येही सहकारी दुकानं आहेत. ‘वर्ग घ्यावेत’ ही शिफारस काढ आणि दुकानाच्या मालकीवर दोन पानं लिही.

कामाचं थोडं. नुनावुतमध्ये संशोधनाला तिथल्या संशोधन संस्थेचा परवाना लागतो, आणि तो हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नकोस. तुझी प्रश्नावली इनुक्टिटुट या इनुइटांच्या भाषेत हवी, अहवालाचा सारांशही. भाव दोनदा टिपायचे: जहाजं येण्याआधी आणि आल्यानंतर. भावाशेजारी ‘वापरण्याची मुदत’ लिही, आणि फळी रिकामी असेल तर तेही लिही; जे मिळतच नाही त्याचा भाव कागदावर कितीही कमी असला तरी काय उपयोग? पावत्या माग. अनुदानाची रक्कम पावतीवर छापलेली असते. लोकांना ती कळते का, पटते का, हे विचार. २०१२ साली हेच लोक भावांविरुद्ध फलक घेऊन दुकानांसमोर उभे राहिले होते, तेव्हा ते गप्प बसतील या भ्रमात जाऊ नकोस. आणि एका घरात आलेलं मांस त्याच घरात शिजलं असं धरून चालू नकोस. वाटा लांबपर्यंत जातो, आजी-आजोबांकडे आधी. ‘या आठवड्यात कुणाला दिलंत, कुणाकडून आलं’ हे दोन प्रश्न घातले नाहीस, तर तुझं सर्वेक्षण निम्मं जेवण मोजायचं विसरेल.

तिसरं पान नव्यानं लिही आणि शिकारीच्या खर्चाचा तक्ता जोडून पाठव. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी मला एकदा दाखव. तुझ्या बेरजांवर माझा अजून पुरता विश्वास नाही.

— सर