नामिबियातील पहिली शिकार सफारी: रायफलीआधी काठ्यांचा विचार करावा

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. टेक्सासमध्ये दहा वर्षे हरणांची शिकार केल्यानंतर आपल्याला पुढच्या वर्षी नामिबियात सात दिवसांची सफारी करायची आहे. यादीत कुडू, गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही आफ्रिकी कुरंगे आणि जमल्यास झेब्रा आहे, साताऱ्याहून वडील (वय ७१) बरोबर येऊ इच्छितात, आणि जुनी .३०-०६ रायफल पुरेल की नवी, जास्त जोराची .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्यावी, असा आपल्यापुढे पेच आहे. खाणींच्या यंत्रसामग्रीच्या नोकरीमुळे मी बावीस वर्षे जोहान्सबर्गमध्ये राहतो, आणि या काळात लिंपोपो प्रांतात व नामिबियात मिळून दहा-बारा वेळा शिकारीला गेलो आहे. रायफलीचे उत्तर थोडक्यात देतो: .३०-०६ भरपूर झाली, नवी घेऊ नये. उरलेले उत्तर लांबणार आहे, कारण आफ्रिकेत पहिल्यांदा येणाऱ्याची सफारी मी आजवर रायफलीमुळे बिघडलेली पाहिली नाही. ती बिघडते ती जखमी होऊन निसटलेल्या जनावरामुळे. माझीही तशीच बिघडली होती.

वॉटरबर्गच्या डोंगररांगेत, जून महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास सुमारे १३० मीटरवर कुडूचा मोठा नर काटेरी झुडपाआड अर्धा उभा होता. मार्गदर्शकाने रायफल टेकवायच्या तीन पायांच्या काठ्या माझ्यापुढे रोवल्या आणि तो हळूच म्हणाला, ‘मार.’ मी तोपर्यंत गोळीबाराच्या मैदानावर फक्त टेबलापाशी बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून सराव केला होता. उभ्याने, काठ्यांवरून, धापा टाकत असताना रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली कशी हलते याची मला कल्पनाच नव्हती. जनावर निघून जाईल या भीतीने मी चाप खेचला आणि गोळी फऱ्याच्या (खांद्याच्या) बरीच मागे, पोटात बसली. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही माग काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जनावर सापडले तेव्हा कोल्ह्यांनी आपले काम उरकले होते. त्या जनावराचे शुल्क पूर्ण भरावे लागले आणि ते योग्यच होते, पण त्या रात्री शेकोटीपाशी माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही, ते मला पैशांपेक्षा जास्त लागले.

म्हणून पहिला सल्ला असा की, नव्या रायफलीच्या किमतीत तीन पायांच्या काठ्या आणि दोनशे काडतुसे घ्यावीत, आणि निघण्यापूर्वी किमान तीन महिने टेबलाला हातही लावू नये. पंधरा सेंटिमीटर व्यासाची कागदी ताटली शंभर मीटरवर लावावी, पन्नास पावले भरभर चालून यावे, काठ्या उघडाव्यात, आणि रायफल टेकवल्यापासून दहा सेकंदांच्या आत बार काढावा. दहापैकी नऊ गोळ्या ताटलीत बसू लागल्या की मग दीडशे मीटर. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथा वाचून वाढलेल्या माणसाच्या मनात मचाण आणि हाका असतो. इथे तसे काही नसते. इथे पायी चालणे, दुर्बिणीने न्याहाळणे, वारा तोंडावर घेऊन सरकणे आणि मग अचानक मिळणारे ते दहा सेकंद, एवढेच असते. ज्याने टेबलावरून तीनशे मीटरवर नेम साधला आहे, तो काठ्यांवरून शंभरावर चुकताना मी अनेकदा पाहिला आहे.

दुसरी गोष्ट टेक्सासच्या सवयीची. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाला फऱ्याच्या किंचित मागे मारायला शिकवतात. आफ्रिकेतील कुरंगांचे हृदय आणि फुप्फुसे त्यापेक्षा पुढे आणि खाली, दोन्ही पुढच्या पायांच्या मधोमध असतात. जनावर आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेची रेघ डोळ्यांनी वर न्यावी आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर थांबावे. तिरके उभे असेल तर गोळी पलीकडच्या पुढच्या पायाशी बाहेर पडेल असा विचार करून नेम धरावा. विल्डबीस्ट या थोराड कुरंगाच्या बाबतीत खांद्यावरचा उंचवटा फसवतो आणि नवखा माणूस हमखास वर मारतो. नामिबियात ऊर्जेची कायदेशीर किमान मर्यादा आहे: स्प्रिंगबॉकसाठी १,३५० ज्यूल, कुडू आणि गेम्सबॉकसाठी २,७००, आणि रेड्यासारख्या मोठ्या जनावरांसाठी ५,४००. .३०-०६ मधून सुटणारी १८० ग्रेन वजनाची गोळी नळीच्या तोंडाशी सुमारे ३,८०० ज्यूल देते, त्यामुळे आपल्या यादीसाठी ती निवांत पुरते. मॅग्नमच्या धक्क्याने माणूस चाप खेचताना डोळे मिटू लागला, तर जास्तीची ऊर्जा काय कामाची? खर्च करायचाच असेल तर शिशाचा गाभा आवरणाला घट्ट जोडलेल्या, आत शिरल्यावर न फुटणाऱ्या चांगल्या गोळ्यांवर करावा, आणि सराव व शिकार एकाच जातीच्या गोळीने करावी.

बार झाल्यावर पुढचे अर्धे मिनिट सर्वांत महत्त्वाचे असते आणि नेमके तेव्हाच लोक मान वर करून मार्गदर्शकाकडे पाहतात. तसे करू नये. रायफलीच्या दुर्बिणीतून नजर न हटवता दुसरे काडतूस चढवावे, जनावर पुन्हा दिसले आणि मार्गदर्शकाने सांगितले तर पुन्हा मारावे, आणि ते कोणत्या झुडपापाशी दिसेनासे झाले ते लक्षात ठेवावे. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अशा वेळी जनावर बहुधा शे-दोनशे मीटरच्या आत पडलेले असते. गडद, काळपट रक्त म्हणजे यकृत. रक्तात हिरवट चोथा आणि वास असेल तर पोट, आणि मग घाई करून त्याला उठवण्यापेक्षा बराच वेळ थांबणे शहाणपणाचे. इथल्या माग काढणाऱ्यांचे कौशल्य पाहून मी अजूनही थक्क होतो. खडकाळ उतारावर, जिथे मला फक्त दगड दिसत होते, तिथे दामारा या स्थानिक जमातीच्या एका वयस्कर गृहस्थांनी एका गेम्सबॉकचा माग दीड तास धरून ठेवला, आणि मधे तीन वेळा दुसऱ्या गेम्सबॉकच्या खुरांनी तो ओलांडला असतानाही ते चुकले नाहीत. त्यांना काम करू द्यावे, त्यांच्या पुढे जाऊ नये आणि मागावर पाय ठेवू नये. पडलेल्या गेम्सबॉकजवळ समोरून कधीही जाऊ नये, कारण ती भाल्यासारखी शिंगे तो अखेरच्या क्षणीही वापरतो. गेम्सबॉकमध्ये नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, मादीची लांब आणि सडपातळ, नराची जाड. कोणते हवे ते मार्गदर्शकाशी आधीच बोलून ठेवावे.

यजमान निवडताना संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून काहीच कळत नाही. नामिबियात परदेशी शिकाऱ्याबरोबर नोंदणीकृत मार्गदर्शक असणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा त्याचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नामिबिया प्रोफेशनल हंटिंग असोसिएशनचा तो सदस्य आहे का ते पाहावे. गेल्या दोन वर्षांत येऊन गेलेल्या तीन शिकाऱ्यांशी फोनवर बोलावे, आणि त्यांतला एक तरी असा असावा ज्याला हवे ते जनावर मिळाले नाही. खरी माहिती त्याच्याकडूनच मिळते. जमीन किती हेक्टर आहे, उंच कुंपण आहे का, त्या आठवड्यात दुसरे शिकारी असतील का, एका मार्गदर्शकामागे एकच शिकारी की दोन, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. खर्चाचे दोन भाग असतात: दिवसाचा दर आणि प्रत्येक जनावराचे शुल्क. कुडूचे शुल्क स्प्रिंगबॉकच्या कित्येक पट असते, म्हणून सात दिवसांची बेरीज दिवसाच्या दरावरून करू नये. रक्ताचा थेंब दिसला की जनावर सापडो वा न सापडो, शुल्क द्यावे लागते, हा सर्वत्र नियम आहे. १५ टक्के मूल्यवर्धित कर दरात धरला आहे का, विमानतळावरून ने-आण, शिंगे-कातडी धुऊन-वाळवून बांधणे, पाठवण्याचा खर्च, हे सगळे लेखी घ्यावे. एका ठिकाणी मला शेवटच्या दिवशी शिंगांच्या लांबीनुसार वेगळा दर सांगण्यात आला होता, ज्याचा आधी उल्लेखही नव्हता, आणि हातात कागद नसल्याने वाद घालण्यात अर्थ उरला नाही. माग काढणारे, कातडी काढणारे आणि स्वयंपाकघरातले लोक यांच्या बक्षिसीचे पैसे वेगळे ठेवावेत आणि यजमानाला विचारूनच वाटावेत.

कागदपत्रांबाबत फार घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकेतून निघताना सीमाशुल्क खात्याचा ४४५७ क्रमांकाचा अर्ज रायफलीच्या अनुक्रमांकासह शिक्का मारून घ्यावा. नामिबियाची राजधानी विंडहुकच्या होसेआ कुटाको विमानतळावर पोलीस तात्पुरता परवाना देतात. रायफलीमागे शंभर काडतुसांपर्यंत मुभा असते, आणि पिस्तूल किंवा स्वयंभारित (सेमी-ऑटोमॅटिक) शस्त्र आणता येत नाही. विमान जोहान्सबर्गमार्गे असेल तर सामान थेट विंडहुकपर्यंत नोंदवले आहे याची खात्री करावी, नाहीतर इथे दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांची वेगळी परवानगी लागते आणि ती आयत्या वेळी मिळत नाही. हे सगळे नको असेल तर यजमानाची रायफल भाड्याने घ्यावी. मी स्वतः गेली काही वर्षे तेच करतो. झेब्र्याबाबत एक सूचना: नामिबियाच्या डोंगराळ भागातील हार्टमन झेब्रा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, मैदानी झेब्रा नाही, त्यामुळे कोणता मारणार यावर कागदपत्रे ठरतात. मांस किंवा बिल्टाँग (मसाला लावून वाळवलेले मांस) अमेरिकेत नेण्याचा प्रयत्न करू नये.

काळ मे ते ऑगस्ट उत्तम. गवत खाली बसलेले असते, जनावरे पाणवठ्यांजवळ येतात, आणि मे-जूनच्या सुमारास कुडूचे नर माद्यांमागे बाहेर पडतात. डिसेंबर आणि जानेवारीत शिकार बंद असते. पहाटे उघड्या गाडीत थंडी हाडात शिरते आणि दुपारी सदऱ्याच्या बाह्या दुमडाव्या लागतात, म्हणून एक जाड जाकीट पुरे, दोन नकोत. कपडे रोज धुऊन मिळतात. मध्य नामिबियात हिवताप जवळपास नसतो, उत्तरेकडे इटोशा किंवा झांबेझी प्रदेशाकडे जाणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात.

आपण ओझरते विचारले आहे की घरातली मंडळी या सगळ्याला नाके मुरडतात, त्यांना काय सांगावे. त्यांचे मन वळवण्याच्या भरीस पडू नये, पण आपल्याला माहिती असावी. केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्णपणे बंद केली. नामिबियाने उलट मार्ग धरला, आधी खासगी शेतकऱ्यांना आणि १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरील लोकांनाही वन्यजीवांच्या उत्पन्नावर हक्क दिला. न्याए-न्याए हे १९९८ मध्ये नोंदलेले सॅन या आदिवासी लोकांचे संवर्धन क्षेत्र आहे, आणि तिथे शिकारीच्या शुल्कातून येणारा पैसा आणि मांस वस्त्यांमध्ये वाटले जाते. दोन्ही मार्गांवर प्रामाणिक टीका करता येते. पिंजऱ्यात वाढवलेला सिंह कुंपणात सोडून मारणे मात्र शिकार नव्हे, आणि ते देऊ करणाऱ्या यजमानाकडे मी इतर कोणत्याही जनावरासाठी जाणार नाही.

आता वडिलांविषयी. त्यांना अवश्य आणावे. शिकार न करणाऱ्या सोबत्याचा दिवसाचा दर बराच कमी असतो, आणि वय आधी कळवले तर चांगला यजमान त्यांच्यासाठी सकाळी पाणवठ्याजवळच्या आडोशात खुर्चीची सोय करतो. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट काढणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला त्यांच्या हातातल्या पिशवीत असू द्यावा. शिंगे किंवा कातडे त्यांच्या सामानातून साताऱ्याला पाठवण्याचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाकावा. भारताचे आयात-नियम आणि वन्यजीव कायदा यांत ते अडकते आणि त्रास त्यांना होतो. पहिल्या दिवशी स्प्रिंगबॉकपासून सुरुवात करावी आणि तेव्हा वडील बरोबर असावेत. स्प्रिंगबॉक पडला की त्याच्या पाठीवरची पांढऱ्या केसांची झालर काही क्षण पंख्यासारखी उघडते आणि तिला मधासारखा वास येतो. तो थोडाच वेळ टिकतो, म्हणून मार्गदर्शक हाक मारील तेव्हा त्यांना गाडीतून उतरवून लगेच जवळ न्यावे.