रश्श्यातलं पाणी

प्रिय ओजस,

रविवारी तुझा मित्र जेवून गेल्यावर तू विचारलंस, "आई, आपण आधी गरीब होतो म्हणून चिकनमध्ये एवढं पाणी घालतो का?" त्याच्या घरी ट्रे भरून लेगपीस असतात आणि आपल्याकडे वाटीत पीस शोधावा लागतो, असंही म्हणालास. मी "आधी हात धू" म्हणून वेळ मारून नेली. राग नव्हता आला, पण लागलं जरा.

गरीब म्हणावं तर वावर होतं, बैलजोडी होती. पैसा मात्र कापूस विकला की दिसायचा आणि उसनवारी फेडली की दिसेनासा व्हायचा. कोंबड्या घरच्याच होत्या, पण खायला म्हणून पाळलेल्या नव्हत्या. खुडूक कोंबडी २१ दिवस टोपलीतून हलायची नाही, आणि मग निघालेल्या पिल्लांतली अर्धी घार नाहीतर मुंगूस न्यायचं. उरलेल्यांतला एखादा कोंबडा सात-आठ महिन्यांनी कापण्याजोगा व्हायचा. तोही उगाच नाही कापायचा. पोळ्याची कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, धुळवड, नाहीतर पाहुणा आला तर.

पाहुणा म्हणजे बहुतेक मूर्तिजापूरचे मामा. ते शकुंतला रेल्वेनं दारव्ह्याला उतरायचे. ती गाडी कधी पोचेल ते तिच्या ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं, त्यामुळे मामांची पिशवी पांदणीच्या वळणावर दिसेपर्यंत आमच्याकडे कोंबड्याला हात लावायचे नाहीत. दिसली की मोठेबाबा, म्हणजे माझे मोठे काका, ओरडायचे, "धरा रे!" आणि आम्ही सगळी पोरं अंगणभर त्याच्यामागे.

आजी माळकरी, म्हणून चूल मागच्या अंगणात. पिसं काढून झाली की कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर कोंबडा फिरवत भाजायचे. कातडी काढत नसत. मग हळद चोळायची. कांदे आरात खुपसून काळे होईस्तोवर भाजायचे, खोबऱ्याची वाटीही तिथेच. धने, खसखस, लवंग, कलमी म्हणजे दालचिनी, दगडफूल असं सगळं मोठीआई, म्हणजे मोठी काकू, पाट्यावर वाटायची, हातानं पाणी शिंपडत. वाटून झालं की पाटा धुतलेलं पाणीही ती गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतायची, थेंब वाया जाऊ द्यायची नाही. तेल जवसाचं, त्यात तिखट. वरून घालायचं पाणी उकळतंच हवं, थंड घातलं तर तर्री येत नाही, हे तिचं ठाम मत. मी इथे दोन्ही करून पाहिलं आहे. तिचंच बरोबर.

आता तुझ्या पाण्याकडे येते. दीड किलोचा कोंबडा, साफ करून किलोभर उरणार, आणि खाणारी १४-१५ माणसं. पाणी किती घालायचं हे ठरवायची कोण, तर जी स्वतः खात नव्हती ती आजी. आतल्या दारातूनच सांगायची, "पानी टाक अजून, गड्याले बी लागन." सालदाराच्या घरी रस्सा डबा भरून जायचाच. ती आत ज्वारीच्या भाकरी थापत असायची, त्यामुळे माणसं किती ते तिलाच नीट ठाऊक. तरी पुरणार नाही असं दिसलं की मोठीआई आलू टाकायची, नाहीतर उकडलेली अंडी. जेवण म्हणजे मुळात भाकरी चुरून रस्सा ओरपणं. पीस मिळाला तर नशीब.

पीस कोणाला मिळायचे तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल सगळं गोडच होतं. आधी पाहुणे आणि पुरुष, मग पोरं, शेवटी बायका. त्यांच्यापर्यंत बहुधा मान आणि पाठ पोचायची. पण माझी आई आणि मोठीआई चुलीपाशी मीठ बघायच्या. मीठ तीनदा बघितलं जायचं, आणि दरवेळी एक चांगला पीस लागायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलायचं नाही. मी हे नेहमी हसत सांगते. पण रांधणारीला चोरून खावं लागायचं, यात हसण्यासारखं काय होतं, असं तू विचारलंस तर माझ्याकडे उत्तर नाही.

बाळंतिणीसाठी तिखट पडायच्या आधीच अळणी पाणी बाजूला काढायचे. काळीज आम्हा पोरांचं, निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून. मोठेबाबा कधीतरी सुक्कं करायचे, पण ते त्यांच्या दोस्तांसाठी. तुझे बाबा नागपूरचे, त्यांना हा सगळा प्रकार पाणचटच वाटतो. त्यांच्यासाठी चिकन म्हणजे कोष्टीपुऱ्यातलं सावजी, काळंभोर, कानातून धूर काढणारं. या बाबतीत तुमची दोघांची युती आहे हे मला दिसतं.

आणि खरं सांगू, तुमचं निम्मं बरोबरही आहे. तो कोंबडा आठ महिने उकिरडे उकरत फिरलेला असायचा. हाड टणक, मांस चिवट, शिजायला दोन तास. त्या दोन तासांत हाडांचा आणि कातडीचा सगळा अर्क पाण्यात उतरायचा. इथलं पाकिटातलं ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचं, अर्ध्या तासात शिजतं, जास्त ठेवलं तर विरघळतं. त्याच्याजवळ पाण्याला द्यायला काही नसतंच. त्यात गावाकडच्या मापानं पाणी ओतलं की तिखट पाणीच होणार. तरी माझा हात ओतत राहतो. आपण तिघंच आहोत हे त्याला अजून पटलेलं नाही.

तुझ्या मित्राच्या आईसारखं लिंबू-लसूण लावून ओव्हनमध्ये केलेलं मलाही आवडतं. कातडी कुरकुरीत होते, भांडीही कमी पडतात. येत्या रविवारी तसंच कर, मला शिकव. फक्त स्टेशनमागच्या हलाल दुकानात म्हातारी कोंबडी मिळते, कातडीसकट. अंडी देऊन थकलेली, स्वस्त असते. ती आणून एका गंजात मी रस्सा ठेवीन म्हणते, एकदा चाखून बघ. नाही आवडला तर बळजबरी नाही, बाबांनाही नाही. पण ती शिजायला दोन तास घेईल, म्हणून दुकानात सकाळीच जावं लागेल. येणार असशील तर दहाला तयार राहा. पिशवी जड असते.

तुझी,
आई