बंद फ्लॅट उघडला तर करात सूट मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतला आईच्या नावावरचा फ्लॅट बरीच वर्षं कुलूपबंद आहे, डागडुजी करून भाड्याने दिला तर जपान-आयर्लंडसारखी काही सवलत पुण्यात मिळते का?

बंद घर उघडल्याबद्दल बक्षिसी, असं आपल्याकडे काही नाही. उलट महापालिकेचं बिल भाड्याने देणाऱ्यालाच चिमटा काढतं. स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत पुण्यात १९७० पासून आहे. मध्यंतरी ती गेली, २०२३ मध्ये परत आली, त्यासाठीच पीटी-३ अर्जाची, म्हणजे 'घरात स्वतः राहतो' हे पालिकेला कळवायच्या अर्जाची, धावपळ झाली. भाडेकरू आला की ती सुटते. तुमच्या बिलात ती अजून चालू असेल तर सहा हजारांचे साधारण दहा हजार धरा. वर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावणार, आणि तेही भाडेकरू ठेवला म्हणून; कुलूप ठोकून बसलेल्याला ते नाहीत! सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागितले तर देऊ नका, २००१ च्या शासन आदेशाने तेवढीच मर्यादा आहे.

आयकर मात्र बराच दयाळू आहे. महिना २० हजार भाडं म्हणजे वर्षाला २,४०,०००. भरलेला मिळकतकर १० हजार वजा, उरले २,३०,०००. त्यातले ३० टक्के, म्हणजे ६९ हजार, सरळ वजा. दुरुस्तीची पावती कोणी मागत नाही. राहिले १,६१,०००. दुरुस्तीला कर्ज काढलं तर त्याचं व्याजही यातून वजा होतं. आणि आईचं पेन्शन धरून एकूण उत्पन्न नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत असेल, तर कर शून्यच.

आयर्लंडमध्ये मिळतं ते खरं तर अनुदान: रिकाम्या घराच्या दुरुस्तीला ५० हजार युरोपर्यंत, मोडकळीला आलेलं असेल तर ७० हजार. जपानने दुसरं टोक धरलंय. तिथे घराखालच्या छोट्या जागेचा कर एक षष्ठांश दराने मोजतात, पण घराची हेळसांड केली की ही सवलत काढून घेता येते. पुण्याला यातलं काही आणायची गरज नाही. उघडलेल्या घराची ४० टक्के सवलत पहिली काही वर्षं चालू ठेवली तरी पेठांतली बरीच कुलपं निघतील, असं माझं मत.

तरी खरी अडचण चार हजारांची नसते, 'भाडेकरू बसला तर?' ही असते. पागडीच्या वाड्यांचे किस्से ऐकून आपण मोठे झालो. लिव्ह अँड लायसन्स त्याहून वेगळं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. साध्या नोटरीवर भागवू नका.

रंगाऱ्याला बोलवण्याआधी मिळकतकराची थकबाकी बघा, तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. महावितरणचा मीटर जागेवर आहे ना, तेही बघा. आणि मोरी-संडासात दोन बादल्या पाणी ओता. ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या पाइपच्या वाकणातलं, पाणी वाळलेलं असतं, दार उघडताच गटाराचा वास येतो, आणि भाडेकरू जिन्यातूनच परत फिरतो.